केसांतली शाई

निशाणी १ : पाणी

दुर्गाबाईला शेवटची अंघोळ घालताना बायकांनी तिचा अंबाडा सोडला आणि बेबीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

आईचे केस कापसासारखे पांढरे होते. डाव्या कानामागं, मुळाशी, एक जांभळा डाग होता. अंगठ्याएवढा. पाणी ओतलं तसा थोडा ओघळला, मानेवर आला. पुसला तरी मुळाशी राहिलाच.

"शाई हाय गं," शेजारची जयाबाई म्हणाली.

"आईला कुठं लिवायला येतंय?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "करणी असंल." बाहेर तिरडी बांधून झाली होती. कोपऱ्यातल्या मागावर अर्धी साडी जुलैपासून तशीच ताणलेली होती.

बेबीनं डागावर पदर ओढला. तिला वाटलं, झाकलं की संपलं.

चौदाव्या दिवशी कळलं की आता ते घर तिचं नाही.

निशाणी २ : आदेश

*…तक्रारदार बेबी हिचे म्हणणे असे की, तिची आई दुर्गाबाई, राहणार वडगाव, बेळगाव, हिच्या घराचा दावा चालू असता, तिचेच वकील मंथन देसूरकर यांनी विरुद्ध पक्षाशी संगनमत करून तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले…*

*…पत्रावर तारीख बारा जून. दुर्गाबाईचा डावा अंगठा. तो तिचाच असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल. अंगठ्याखाली मजकूर : "कन्नडमधील हा कागद मी बाईंना मराठीत वाचून सांगितला. त्यांना तो समजला. अंगठा माझ्यासमोर उठवला." त्याखाली वकिलांची सही…*

*…सबब, चौकशी पूर्ण होईपर्यंत वकिलांची सनद स्थगित करण्यात येत आहे. त्यांनी कोणत्याही न्यायालयात उभे राहू नये. पुढील सुनावणी वकील परिषदेच्या शिस्त समितीपुढे, बंगळूर येथे, सोमवारी.*

हा कागद कोर्टात आणणारा माणूस होता किशन, दुर्गाबाईच्या दिराचा मुलगा. घरावर सगळा हक्क माझाच, असं म्हणणारा. म्हातारी जिवंत असेपर्यंत त्यानं हा कागद कुणाला दाखवला नव्हता.

निशाणी ३ : कोट

निपाणी कोर्टात पस्तीस वर्षं काढून शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालेले हरिभाऊ ओसरीवर पेपर वाचत होते. मंथन देसूरकर पायऱ्या चढून आला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या अंगाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"कोट घालून आलायस."

मंथन दचकला. बावीस वर्षांची सवय. सकाळी उठला, आंघोळ केली, काळा कोट चढवला आणि बस धरली. त्यानं तो घाईनं काढला, पण ठेवायचा कुठं ते सुचेना. शेवटी मांडीवर घेऊन बसला, आजारी पोर घेतल्यासारखा.

"अण्णा, सोमवारी माझी सनद कायमची जाईल. तुमच्याइतके कागद या भागात कुणी हाताळले नाहीत. एकदा बघा."

हरिभाऊंनी हक्कसोडपत्राची नक्कल घेतली. भिंगाखाली अंगठा बराच वेळ बघितला. रेघ न् रेघ मोजता येत होती, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"चांगला उठलाय," ते म्हणाले. का कोण जाणे, त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही. "अंगठा बाईचा. बरं. सही कुणी केली?"

मंथन मांडीवरच्या कोटाची कॉलर सरळ करत राहिला.

"खोटी सही हाय म्हण की. सगळेच म्हणत्यात."

"सही माझीच आहे, अण्णा. पण हा कागद मी आयुष्यात बघितलेला नाही."

निशाणी ४

&nbsp;

&nbsp;

&nbsp;

&nbsp;

*(सही) मं. वि. देसूरकर, वकील*

निशाणी ५ : वरचा कागद कोरा का

कारण जांबोटीसारख्या रानातल्या गावांहून दिवसाला मोजक्या बसेस येतात.

पक्षकार पहाटे चिखल तुडवत फाट्यावर येतो, शहापुरातल्या ऑफिसात पोचतो, तर वकील खानापूरच्या कोर्टात. संध्याकाळपर्यंत थांबलं तर परतीची बस चुकते. म्हणून मंथननं सोय केली. कोऱ्या कागदांच्या तळाशी सही करून कागद कपाटाच्या खणात ठेवायचे. पक्षकार आला की कारकुनानं अंगठा घ्यायचा, त्याला बसला लावून द्यायचं. मजकूर मागाहून टाइप होतो. "वाचून सांगितला, समजला" हेही मागाहूनच.

"सगळेच करतात," मंथन म्हणाला.

"व्हय," हरिभाऊ म्हणाले. "पस्तीस वर्षं मी बी डोळं झाकलं. खणाची किल्ली?"

"माझ्याकडं एक. मष्णूकडं एक. स्वरूपाकडं एक."

मष्णू म्हणजे कारकून. पूर्वी निपाणी कोर्टात हरिभाऊंच्याच हाताखाली शिपाई होता, बारा वर्षं. स्वरूपा ही ज्युनिअर वकील, तीन वर्षांपासूनची.

"खणात कागद किती हुते?"

मंथननं कोटाची बाही घट्ट धरली.

निशाणी ६ : बेबीचा जबाब

*वडगावातल्या घरात. बेबी मच्छेच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. ती दुपारी परतल्यावर, हरिभाऊंसमोर.*

— त्या वकिलानं धाडलंय व्हय तुमाला? मग चहा मिळणार न्हाय. पाणी घ्या.

— पाणी चालतंय आक्का. आई कवा पडली?

— दोन जुलैला. खुबा मोडला. त्यादिवशी माग बंद झाला तो झालाच. दसऱ्यानंतर गेली.

— तोवर माग चालवायची?

— पंच्याहत्तरीला बी. ताण्याचा धागा तुटला की राख लावून अंगठ्यानं पिळायची, जोडायची. दिवसातनं शंभरदा. अंगठा बघितला असता तर! काचंवानी गुळगुळीत. रेशनच्या दुकानात मशीन तिला वळखायचंच न्हाय. दुकानदार म्हणायचा, दुर्गाबाई, तुमी मेलाय असं दावतंय बघा. आई म्हणायची, मेलेल्याला तरी गहू दे की रं.

*(बेबी हसली. मग हसणं थांबलं.)*

— आन् सप्टेंबरात तो मशीन घेऊन घरी आला, आई उठत न्हाय म्हणून. तर पयल्या फटक्यात अंगठा लागला! आईच म्हणाली, आता मराया लागली तवा मशीनला वळख पटली.

*(हरिभाऊ लिहायचे थांबले.)*

— घरी कोण कोण यायचं?

— म्या कामावर. किशन यायचा, फळं घेऊन. एकदा ती वकीलीण आलती डबा घेऊन. आन् एक दिवस आई म्हणाली, कोर्टातलं माणूस आलतं, साहेबांनी धाडलंय म्हणालं. कोण म्हणून इचारलं तर तिला ग्लानी आलती. मरायच्या आठ-दहा दिवस आदी.

— आणखी काय खटकलं?

*(बेबीनं पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.)*

— तुमी हसाल. केसात जांभळा डाग हुता.

— कुठं?

*बेबीनं स्वतःच्या डाव्या कानामागं बोट ठेवलं. हरिभाऊ हसले नाहीत. त्यांचा अंगठा आपसूक स्वतःच्या केसांत गेला आणि तिथंच राहिला.*

— काय झालं हो?

— करणी न्हवं आक्का. त्याहून वाईट हाय.

निशाणी ७ : किशन

यंत्रमागांच्या खडखडाटात किशन ओरडूनच बोलत होता. चाळिशीचा, गळ्यात साखळी, हातात मोबाइल.

"या, या, शिरस्तेदारसाब! त्या काळ्या कोटानं धाडलं का? त्याला सांगा, आता पांढरा शर्ट शिवून घे. आमच्याकडं हिशोबनीस पायजेच हाय."

"काकूनं घर सोडलं, तर तिच्या लेकीला कसं म्हाईत न्हाय?"

"लेकीशी भांडान हुतं. काकूचा माझ्यावर लई जीव. स्वतः गेलती वकिलाकडं बारा जूनला, स्वतःच्या पायानं. त्यांच्याच वहीत नोंद हाय, सकाळी अकराची. बघून घ्या."

"कागद चार म्हैने का झाकून ठेवला?"

"म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून."

हरिभाऊ दारापर्यंत गेले आणि वळले. "किशन, वकिलाच्या हापिसातली वही तू कधी बघितलीस?"

सगळे माग चालू होते. तरी त्या क्षणी आवाज थांबल्यासारखा वाटला.

"कोन तरी सांगितलं असंल," किशन म्हणाला. पहिल्यांदाच हळू.

निशाणी ८ : वही

*१२ जून. ११.०० — दुर्गाबाई, वडगाव. प्रतिज्ञापत्र. अंगठा घेतला. साहेब खानापूर.*

ही नोंद स्वरूपानं दाखवली. ऑफिस बंदच होतं. दारावरच्या पाटीवर मंथनच्या नावावर कागद चिकटवलेला. टेबलावर अंगठे घ्यायचं जांभळं पॅड, शेजारी ओल्या पुसण्यांचा डबा.

"मला पण संशयितांत धरलंय ना तुम्ही?" स्वरूपा म्हणाली. "धरा. किल्ली माझ्याकडंही होती. मी त्यांना डबा घेऊन गेले होते, कारण त्या मला लेकीसारखं बोलायच्या. एवढंच."

"ते प्रतिज्ञापत्र कुठं हाय?"

तिनं फाईल काढली. बारा जूनचंच, दुर्गाबाईचंच. खाली डावा अंगठा.

हरिभाऊंनी तो बघितला आणि खुर्चीत बसले. पॅडवर हात पडला होता, बोटाला शाई लागली. स्वरूपानं लगेच डब्यातली पुसणी पुढं केली.

"सगळ्यांना देतीस ही?"

"मी अंगठा घेतला तर देतेच. किती घाण होतात हात."

"बाई," हरिभाऊ म्हणाले, "तुझं नाव मी खोडलं."

निशाणी ९ : दोन अंगठे

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ऐकायला मंथन आणि स्वरूपा.

"माझी आई निपाणीत बिड्या वळायची. तंबाखू, पान, दोरा, दिवसाला हजार. तिच्या अंगठ्याला रेघच न्हवती. कोर्टात तसल्या शेकड्यानं बायका यायच्या. शाई लावली की नुसता काळा ठिपका. पण एकदा कारखाना अडीच म्हैने बंद पडला. त्यानंतर त्याच बायका साक्षीला आल्या आणि सगळ्यांचे अंगठे लख्ख उठले. आई म्हणाली, हात रिकामा राहिला की रेघा परत उगवत्यात रं. शेतात तण उगवावं तशा."

त्यांनी प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं. तिथं नुसता जांभळा ठिपका होता.

"हा बारा जूनचा. माग चालू हुता. रेघ न्हाय." बोट दुसऱ्या कागदावर गेलं. "हा बी बारा जूनचा, असं कागद म्हणतोय. तीच बाई, तोच अंगठा, तोच दिवस. आणि रेघा मोजून घ्या."

स्वरूपा दोन्ही कागदांवर वाकली. "म्हणजे हा अंगठा माग बंद पडल्यावर…"

"अडीच-तीन म्हैन्यांनी. अंथरुणात. कागद करणाऱ्यानं तारीख शहाणपणानं निवडली. बाई त्यादिवशी खरंच हापिसात आलती, वहीत पुरावा. पण त्याच शहाणपणानं त्याला खाल्लं. नुसता अठरा जून घातला असता तर ताडून बघायला त्याच दिवसाचा दुसरा अंगठा न्हवता."

"किशन?" मंथननं विचारलं.

"किशनला वही कुणीतरी सांगितली. आणि हा अंगठा दाबलेला न्हाय, फिरवलेला हाय. नखापासून नखापर्यंत. सवयीचा हात." हरिभाऊंनी भिंग मिटलं. "असा फिरवायला मीच शिकवलंय."

निशाणी १० : मष्णू

मष्णू भाड्याच्या खोलीसमोर तुळशीला पाणी घालत होता. साठीचा, वाकलेला. हरिभाऊंना बघून त्यानं आधी पाय धरले.

"अण्णा! सांगावा तरी धाडायचा."

"जरा काम हुतं. हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना अंगठा पायजे म्हणं. हात थरथरतोय, नीट उठत न्हाय. तू घे."

मष्णू खूश झाला. आतून पॅड आणलं. गुरूचा डावा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला आणि अलगद फिरवला. नखापासून नखापर्यंत. फुंकर मारली. सुंदर उठला होता.

"झालं अण्णा. आता डोस्क्याला पुसा."

तो हे हसत म्हणाला. हजारो लोकांना म्हणाला होता तसंच. कोर्टाच्या व्हरांड्यात फडकं कुठलं. अंगठा केसांना पुसायचा, तेलानं शाई निघते. चाळीस वर्षांची सवय.

हरिभाऊंनी अंगठा तसाच वर धरून ठेवला. पुसला नाही.

"दुर्गाबाईला बी असंच म्हणालास?"

मष्णूच्या हातातलं पॅड खाली पडलं.

"तिच्या केसाला तेल न्हवतं, मष्णू. तीन म्हैने अंथरुणात. शाई निघाली न्हाय. लेकीला शेवटच्या अंघोळीला घावली."

मष्णू उंबऱ्यावर बसला.

"किशन म्हणाला, घर पाडून बिल्डिंग बांधतो, खालच्या दोन खोल्या तुझ्या. अण्णा, सोळा घरं बदलली म्या. हरेक येळी तुळस उचलून न्यायची… म्हातारी तशी बी मरणार हुती. लेकीला नवरा हाय, कारखाना हाय. असं मनाला सांगितलं."

"काय म्हणाली ती?"

"इचारलं, साहेबांनी धाडलंय न्हवं? व्हय म्हणालो. तिनं आपनच हात फुडं केला. म्हणाली, ह्यो अंगठा काय उठायचा न्हाय रं मष्णू, कशाला तरास घेतोस." त्यानं डोळे मिटले. "आन् उठला. लख्ख उठला. माज्या काळजात धस्स झालं. तवाच फाडायचा हुता. बाहेर किशन गाडी चालू करून थांबलाता."

हरिभाऊ उठले. मष्णूनं त्यांचं धोतर धरलं.

"अण्णा, साहेबांचं मीठ खाल्लंय. म्या केलं ते कबूल करतो. पर सही बी मीच मारली म्हणून सांगतो. कोरा कागद न्हवताच, सही माझी. मग साहेबांची सनद वाचंल. एवढं तरी करू द्या."

निशाणी ११ : रविवार

बंगळूरच्या गाडीला दोन तास होते. मंथनच्या समोर मष्णूचं हे म्हणणं होतं, आणि टेबलावर कोट, घडी घालून.

"सर," स्वरूपा म्हणाली, "सही अजून तज्ज्ञाकडं गेलेली नाही. मष्णूमामा स्वतः तयार आहेत. तुम्ही फक्त 'सही माझी नाही' एवढं म्हणायचं. एक वाक्य."

मंथननं हरिभाऊंकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नगो. मी कारकून माणूस."

"सही तज्ज्ञाकडं गेली तर?"

"तुझीच निघंल. मग मष्णू खोटा ठरंल. सहीत खोटा, म्हणजे अंगठ्यात बी खोटा, असं किशनचा वकील म्हणंल. कागद उभा ऱ्हाईल. घर किशनचं."

"आणि गेली नाही तर?"

"तर तू सुटशील. आणि मष्णू तुझ्या सहीपायी दुप्पट तुरुंगात जाईल."

"खरं सांगितलं तर?"

"कागद मोडंल. घर बेबीचं. आणि तू फसवणारा न्हवंस हे बी ठरंल. पण कोऱ्या कागदावर सह्या करत हुतास हे तुझ्याच तोंडून येणार. त्याला समिती माफी देत नसती. देऊ बी नये."

रस्त्यावरून कुणीतरी मोठ्यानं कन्नडमध्ये भाजी विकत गेलं. मंथननं कपाट उघडलं. खण ओढला. तळाशी सही केलेले कागद अजून होते. त्यानं ते मोजले. अकरा.

"मष्णू म्हणतो, त्यानं एकच घेतला," हरिभाऊ म्हणाले. "माझा इश्वास हाय. तू ठेवले किती हुतेस?"

तोच प्रश्न, दुसऱ्यांदा. स्वरूपानं मान वर केली. ऑफिस उघडं असे, पक्षकार येत-जात, किल्ल्या टेबलावर पडून असत.

या वेळी मंथननं उत्तर दिलं. ते ऐकून स्वरूपा खाली बसली.

निशाणी १२ : निवेदन

*शिस्त समितीसमोर, सोमवारी, स्वतःच्या हस्ताक्षरात :*

*हक्कसोडपत्रावरील सही माझी आहे. मी ती कोऱ्या कागदावर केली होती. दुर्गाबाईंना मी तो मजकूर वाचून सांगितला नाही. अंगठा माझ्यासमोर उठवला नाही. तो त्या तारखेला उठवलेलाच नाही. त्याचा पुरावा सोबतच्या प्रतिज्ञापत्रावरील अंगठ्यात आहे. म्हणून हे पत्र रद्द समजावे, आणि तिच्या मुलीला तिचे घर मिळावे.*

*अशा कोऱ्या कागदांवर सह्या करणे ही माझी नेहमीची पद्धत होती. माझ्या सनदेबाबत समिती जो निर्णय देईल तो मला मान्य आहे. उरलेले अकरा कागद सोबत जोडले आहेत.*

*समितीने विचारले की असे एकूण किती कागद मी सही करून ठेवले, आणि बाकीचे आज कुठे आहेत.*

*मी ते कधी मोजले नाहीत.*

*उद्या कुणाच्या घराच्या, कुणाच्या शेताच्या कागदाखाली माझी सही निघाली, तर ती माझीच असेल. वर काय लिहिलेले असेल ते मला सांगता येणार नाही.*

*(सही) मं. वि. देसूरकर*

सहीपुढं "वकील" लिहायला पेन टेकलं होतं. तिथं एक छोटा ठिपका उमटला आहे. शब्द नाही.